दिराला ऊस हवा, सासऱ्यांना राई

पत्र : आमचं शेत बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटी भागात. एकूण अकरा एकर. ओढ्याकडेला चार एकर भात, त्याला लागून अडीच एकर ऊस, वर तीन एकर उताराचं रान (थोडा नाचणा, गवत, पाच-सहा जुने काजू) आणि सगळ्यात वर दीड एकर राई (राखलेली जुनी झाडी). राईत झरा आहे, मार्चपर्यंत वाहतो. आजेसासऱ्यांनी राईत कोयता लावू दिला नाही, सासरेही लावू देत नाहीत. मात्र उसाचा पाला दरवर्षी तेच पेटवतात. मिस्टर बेळगावला उद्यमबागेत (औद्योगिक वसाहतीत) कामाला, रविवारी गावी येतात. शेत धाकटे दीर बघतात. ते म्हणतात, जेसीबी लावून उतार सपाट करू, बोअर मारू, ऊस लावू. यावरून गणपतीत भरल्या पानावरून माणसं उठली. वरची माती दर पावसाळ्यात भातात येते. डुकरं आणि गवे पीक ठेवत नाहीत. सासूबाईंचं जुनं भाताचं बी दोन वर्षं भेसळ निघतंय. आजेसासरे जाऊन सहा वर्षं झाली, उतारा अजून त्यांच्याच नावावर. शेतही राखायचं आहे आणि घरही. बांधावर ऐनाचं एक झाड वाळून उभं आहे, ते तोडू का असं दीर विचारतात, तेही सांगा. – एक सून

ताई, नमस्कार.

पत्रात सगळ्यांचं म्हणणं आलं, पण दिरांना वर्षभर राबण्याचे किती मिळतात हा आकडा कुठंच आला नाही. मिस्टरांचा पगार महिन्याच्या महिन्याला येतो. दिरांना रोख पैसा दिसतो तो कारखान्याचं बिल आलं की, म्हणून त्यांना आणखी ऊस हवा. राई राखायची, झऱ्याची वाट साफ करायची, फुटलेला बांध बांधायचा, ही कामं त्यांच्याच अंगावर आणि त्यात हाती दमडी नाही. त्यांना निसर्गाचं महत्त्व ऐकवू नका. राखणीचं काम हेही नांगरटी-भांगलणीसारखं शेतातलंच काम धरा, त्याची मजुरी वहीत मांडा, आणि ते कुणी कधी करायचं हे ठरवा. आजवर राई सासऱ्यांच्या धाकावर राहिली. त्यांच्यामागं तो धाक कुणाचा, हे तुमच्या घरात ठरलेलं नाही. पुढचं सगळं या हिशेबानं वाचा.

उतार सपाट करू नका. तुमच्या भागात जांभ्याच्या रानाला वरची चांगली माती फूट-दीड फूट, खाली मुरूम नाहीतर जांभा. जेसीबी वरच्या अर्ध्याची माती कापून खालच्या अर्ध्यावर ढकलतो. मग वर मुरूम उघडा पडतो, तिथं उसाला फुटवा येत नाही. खाली भरावाची भुसभुशीत माती राहते, ती जुलैच्या पहिल्या झडीत घसरून तुमच्याच भातात येते. शिवाय उसाला नोव्हेंबरपासून मेपर्यंत पाणी लागतं. बोअरला ते मार्चनंतर टिकेल याची खात्री कुणी देणार नाही, आणि झरा ज्या थरातून पाझरतो तोच थर बोअर ओढू लागला तर झराही लवकर आटेल. दोन्हीकडचं जाईल आणि बोअरचं कर्ज राहील. खालचा अडीच एकर ऊस मात्र मोडू नका. सासऱ्यांना हे स्पष्ट सांगा, कारण घरात रोख येते ती तिथूनच.

आता उलट बाजू. उतार आहे तसा ठेवणं ही राखण नव्हे. माती दरसाल भातात येते याचा अर्थ वरचं रान दरसाल उघडं पडतंय. तिथं बांध हवेत, पण कुठले हे नीट समजून घ्या. अथणी-विजापूरकडं समपातळी बांध घालतात, कारण तिकडं पाऊस कमी आणि आहे ते पाणी जागेवर जिरवायचं असतं. तुमच्याकडं जुलैत जमीन आधीच तुडुंब असते. तिथं पाणी पूर्ण अडवलं की ते बांध फोडतं, आणि वरचा एक फुटला की खालचे ओळीनं जातात. तुम्हाला ढाळीचे बांध लागतील, म्हणजे पाण्याला थांबवायचं नाही, धावूही द्यायचं नाही, आडवं चालवत एका बाजूला नेऊन सोडायचं. ढाळ १०० मीटरला ३० सेंटिमीटर.

पाणी सोडायचं कुठं, हे आधी. रानात पाणी आपोआप जमतं अशी एक घळ असते, तीच पाणवाट करा. सात-आठ फूट रुंद, बशीसारखी उथळ, आणि येत्या जूनमध्ये तिच्यात फूटभर अंतरानं हरळीचे गड्डे लावा. जिथं एकदम उतार आहे तिथं जांभ्याच्या चिऱ्यांची पायरी बसवा, म्हणजे पाणी पडून खड्डा होणार नाही. हरळी धरायला एक पावसाळा लागतो, म्हणून बांध त्याच्या पुढच्या नोव्हेंबरात. घाईनं दोन्ही एकदम केलं तर सगळ्या बांधांचं पाणी उघड्या मातीवर पडून तिथंच ओघळ होतो. आणि गाडीवाटेत पाणी सोडायचा मोह टाळा. दोन पावसाळ्यांत ती वाट राहत नाही, ओढा होतो.

आखणीला इंजिनिअर लागत नाही, गवंड्याची पाण्याची नळी पुरते. अर्धा इंची पारदर्शक नळी १५ मीटर, आणि पाच फुटी दोन काठ्या, त्यांवर सेंटिमीटरच्या खुणा. नळी भरताना बादली उंचावर ठेवून तोंडानं ओढून पाणी घ्या आणि आत बुडबुडा नाही ना हे पूर्ण लांबीभर डोळ्यांनी बघा. एक बुडबुडा राहिला तरी माप दोन-चार सेंटिमीटरनं चुकतं, आणि तुमचा सगळा ढाळच दर दहा मीटरला तीन सेंटिमीटरचा आहे. आखणी पाणवाटेपासून सुरू करा. पहिली काठी तिथं, दुसरी दहा मीटर आत. दुसरी काठी वर-खाली सरकवत अशी जागा शोधा की पाणवाटेकडच्या काठीवर पाणी तीन सेंटिमीटर जास्त उंचीवर दिसेल. तिथं खुंटी. मग पहिली काठी उचलून त्या खुंटीवर आणायची आणि पुढचे दहा मीटर. खुंट्यांची रेघ नागमोडी येईल, ती डोळ्यांनी थोडी सरळ केली तरी चालते. पाणवाटेकडं जाताना मध्ये कुठं चढ मात्र येऊ देऊ नका, पाणी तिथं तुंबून बांधावरून उडी मारतं.

दोन बांधांत अंतर किती ते उतारावर ठरतं. पत्रात उतार लिहिलेला नाही. १०० फुटांत आठ-नऊ फूट धरला तर दर १५ मीटरला एक बांध. तुमच्या तीन एकरांत साधारण ८०० मीटर लांबी होईल. उंची बांधताना अडीच फूट, बसल्यावर दोन फूट राहते. माथा सव्वा फूट, पाया सव्वापाच फूट. पायातलं गवत खरवडून जमीन कुदळीनं ओरबाडून घ्या, नाहीतर नवी माती जुन्या जमिनीला धरत नाही आणि त्या फटीतून पाणी खालून जातं. माती बांधाच्या वरच्या अंगाला चर खणून घ्यायची, चर आणि बांध यांत फूटभर जागा सोडायची. अर्ध्या फुटाचा थर टाकला की धुमुस करायचा. पाणवाटेजवळच्या शेवटच्या दहा फुटांवर दगड लावा. जिथं दीड फुटावरच जांभा लागेल तिथं खणत बसू नका, दगडी ताल (रचलेल्या दगडांचा बांध) घाला : फूटभर पाया, अडीच-तीन फूट रुंदी, दगड आत कललेले, मागं बारीक दगडांची भरण. आणि सुरुवात सगळ्यात वरच्या बांधापासून. खालून सुरू केलं तर वरच्या साऱ्या रानाचं पाणी त्या एकट्या नव्या बांधावर येतं.

माणसांनी करायचं तर एक गडी दिवसाला दोन-अडीच मीटर. म्हणजे एकूण सव्वातीनशे ते चारशे मजुरीचे दिवस. म्हणून दरवर्षी एक तृतीयांश असं तीन वर्षांत करा. दिरांना जेसीबी आणायचाच असेल तर या कामाला आणू देत, लहान बकेट लावून, नोव्हेंबरात माती ओलसर असताना, आणि चालक तुमच्या खुंट्या सोडून जात नाही ना हे बघायला कुणीतरी पूर्ण वेळ उभं राहून. गावच्या कामांच्या आराखड्यात असे बांध बसतात का, ते ग्रामपंचायतीत विचारा.

बांध झाला की पहिल्याच जूनमध्ये वरच्या कडेला वाळा : दोन-तीन कोंबांचे ठोंब, वरून सहा इंचावर छाटून, वीतभर अंतरानं. खालच्या अंगाला तीन फुटांवर गिरिपुष्पाच्या काठ्या, तीन-चार फूट लांब, अंगठ्यापेक्षा जाड, फूटभर जमिनीत. शेळ्या असतील तर पहिलं वर्ष जपावं लागतं. दुसऱ्या वर्षापासून कोवळा पाला चिखलणीच्या आधी भातात घाला. एकराला दोन टन पाला लागतो, तेवढा लगेच निघणार नाही. एका खाचरापासून सुरू करा. मे महिन्याच्या शेवटी बांधावरून एक फेरी हवी, खेकड्यांची आणि उंदरांची बिळं बुजवायला. इकडचे बरेच बांध पावसानं फुटत नाहीत, बिळानं फुटतात.

दोन बांधांच्या मध्ये काजूची कलमं, वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७, सात मीटर बाय सात मीटर, एकरी साधारण ८०. पहिली तीन वर्षं मधल्या जागेत नाचणा आणि कुळीथ, ओळी बांधाला समांतर. उताराच्या दिशेनं नांगर चालला तर बांधांवर केलेला खर्च फुकट. काजूचं उत्पन्न चौथ्या वर्षाच्या आसपास सुरू होईल, तोवर दिरांना नाचण्यापलीकडं काही मिळणार नाही. हे आधीच सांगून टाका, आणि त्या तीन वर्षांची त्यांची मजुरी मिस्टरांच्या पगारातून काही भाग धरून द्या. इथं कंजूषपणा केलात तर बाकीचा सल्ला वाचायची गरज नाही.

पाला जाळणं थांबवायचं ते यंदाच्या तोडणीपासून. एकरी तीन-चार टन पाला निघतो, आणि एका टनात सुमारे पाच किलो नत्र नि नऊ-दहा किलो पालाश असतं. जाळला की नत्र हवेत जातं आणि वरच्या थरातले जिवाणू मरतात. जांभ्याच्या हलक्या मातीला हे सोसत नाही. तुमच्या बाबतीत आणखी एक : उसाला लागून सुकं गवताचं रान, त्याच्या वर राई. फेब्रुवारीत वारा फिरला तर सासरे ज्या राईत कोयता लावू देत नाहीत तिला आग त्यांच्याच काडीची लागेल. हे त्यांना तुम्ही सांगू नका, दिरांनी सांगू दे. एक वाक्य दिरांच्याही बाजूनं जायला हवं.

पद्धत अशी. तोड संपली की पाला सरीत पसरा, बुडख्यांवर ढीग राहू देऊ नका, खाली कोंब कुजतात. बुडखे धारदार कोयत्यानं जमिनीसरशी छाटा, म्हणजे फुटवा जमिनीतून येतो. एकरी ३२ किलो युरिया, ४० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि पाला कुजवणारं चार किलो जिवाणू खत शेणखतात मिसळून पाल्यावर टाका, लगेच पाणी द्या, ओला पाला पायानं दाबून मातीला टेकवा. युरिया वगळला तर कुजवणारे जिवाणू जमिनीतलंच नत्र खातात आणि खोडवा महिनाभर पिवळा पडतो; मग लोक म्हणतात पाल्यानं ऊस बसला. पुढची खतं पहारीनं, बुंध्यापासून वीतभर अंतरावर, तेवढ्याच खोल. शेजाऱ्याच्या बाजूला सहा फुटांचा पट्टा पाला न टाकता मोकळा ठेवा, आग तिकडून येते. टोळी येण्याआधी मुकादमाला सांगून ठेवा की पेटवून तोड नको.

राईला राखायचं म्हणजे नुसतं हात न लावणं, असं घरात समजतात ना? दहा वर्षं कुणी हात लावला नाही तर तिथं रानमोडी आणि टणटणी माजते, खाली नवं रोप उगवत नाही. वरून हिरवं दिसतं, पण म्हाताऱ्या झाडांच्या मागं येणारं काही नसतं. रानमोडी ऑगस्ट ते ऑक्टोबरात, जमीन ओली असताना आणि फुलण्याआधी, मुळासकट उपटा. नुसती कापली तर दुप्पट फुटते. टणटणीचं खोड जमिनीखाली दोन इंचांवर कापून झुडूप तिथंच उलटं टाका. सगळं एका वर्षात साफ करू नका, दरवर्षी पाच-सहा गुंठे पुरे. एकदम ऊन पडलं की तेच तण दुप्पट येतं. मोकळ्या जागी राईतलंच बी टोचा : हिरडा, जांभूळ, ऐन, किंजळ. निलगिरी किंवा ऑस्ट्रेलियन बाभूळ तिथं येऊ देऊ नका, फुकट रोपं मिळाली तरी. जानेवारीत राईच्या खालच्या बाजूनं दहा फुटांची जाळपट्टी करा. पाचोळा झाडून गोठ्यात किंवा खताच्या खड्ड्यात न्या, जाळू नका. पानगळ चालूच असते, म्हणून मार्चमध्ये आणखी एकदा झाडायची.

झऱ्याच्या तोंडाशी सिमेंट लावू नका. पाझर बंद होऊन पाणी दुसरीकडं फुटतं, कधी फुटतच नाही. तोंडापासून थोडं खाली एक छोटी टाकी करा, तिथून अर्धा इंची पाईप उतारानंच गोठ्यापर्यंत आणि काजूच्या कलमांपर्यंत. उरलेलं पाणी नेहमीच्या वाटेनं वाहू द्या. कलमांना पहिली दोन वर्षं एप्रिल-मेचं पाणी लागेल आणि झरा मार्चला थांबतो, तेव्हा गोठ्याजवळ एक साठवणीची टाकी ठेवा. घरात शाळेत जाणारं पोर असेल तर महिन्याच्या १ आणि १५ तारखेला दहा लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते वहीत लिहायला लावा. बोअरचा विषय पुन्हा निघेल तेव्हा ती वही कामाला येईल.

डुकरं आणि गवे. भीमगडला २०११ मध्ये अभयारण्य झालं आणि तुम्ही त्या जंगलाच्या उंबऱ्यावरच आहात, जनावरं येणारच. थेट लाईनचा करंट, फासे, गावठी बॉम्ब हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हे, आणि करंटनं दर हंगामात कुठं ना कुठं माणूसच मरतो. सोलरचं झटका मशीन घ्या. डुकरासाठी तारा जमिनीपासून ८, १६ आणि २४ इंचांवर. गव्यासाठी वर आणखी दोन, साडेतीन आणि पाच फुटांवर. मशीन चांगलं असूनही कुंपण फसतं ते दोन कारणांनी. खालच्या तारेला गवत टेकलं की झटका गवतातून जमिनीत उतरतो. पावसाळ्यात दर आठवड्याला खालची पट्टी कापायला माणूस हवा. दुसरं अर्थिंग. जांभा मार्चमध्ये कोरडा ठणठणीत होतो, त्यात सळी ठोकून उपयोग नाही. पाच-सहा फुटी तीन जीआय सळ्या ओढ्याच्या ओल्या जागेत, एकमेकींपासून दहा फुटांवर, आणि मशीनपर्यंत जाड तार. टेस्टर घ्या, कुंपणाच्या सगळ्यात लांबच्या टोकाला ५,००० व्होल्ट दिसायला हवेत. ३,००० च्या खाली गेलं की डुक्कर तारेतून घुसायला शिकतं, आणि एकदा शिकलं की विसरत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून मशीन पूर्ण ताकदीनं चालू ठेवा. पाटी लावा. कुंपण भात आणि उसाला घाला. राई आणि उतार मोकळे सोडा, जनावराला जायला वाट राहिली तर ते तारेला भिडत नाही. हत्ती आला तर मात्र फटाके घेऊन मागं लागू नका, वनखात्याला कळवा.

नुकसानीची भरपाई मागायची तर पीक सारखं करण्याआधी फोटो काढा, पायाच्या ठशाशेजारी विळा किंवा पट्टी ठेवून. आरटीसी उतारा (कर्नाटकातला सातबारा), आधार, बँक पासबुक आणि अर्ज वनखात्याच्या जवळच्या रेंज ऑफिसात लगेच द्या, पोच घ्या. पीक पाहणीत ऊस आणि अर्जात भात असं झालं तर अर्ज तिथंच अडतो. अर्ज कन्नडमध्ये लिहिलेला असला तर हेलपाटे वाचतात. गावातल्या कॉलेजच्या पोरांकडून लिहून घ्या.

सासूबाईंच्या बियाण्यात दोष बहुधा त्यांचा नाही, मळणी यंत्राचा आहे. ते शेजारच्या इंद्रायणीवरून थेट तुमच्या खळ्यावर येतं आणि पोटात दोन-चार किलो भात घेऊन येतं. दहा गुंठे बियाण्यासाठी वेगळे ठेवा, दुसऱ्या जातीपासून किमान तीन मीटर लांब. निसवताना, दाणा भरताना आणि कापणीआधी अशा तीन वेळा सासूबाईंनी त्यातून फिरून उंच, बुटकी, लवकर निसवलेली, वेगळ्या रंगाची रोपं उपटावीत. ती नजर त्यांच्याकडंच असते, ती तुम्ही त्यांच्याबरोबर फिरून उचला. बियाण्याच्या पेंढ्या फळीवर हातानं झोडा. पेरणीआधी दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ घालून बी बुडवा, तरंगेल ते काढून टाका, बुडालेलं दोन पाण्यांनी धुऊन सावलीत सुकवा.

आता कागद, आणि हे काम बांधांच्याही आधीचं. उतारा आजेसासऱ्यांच्या नावावर असेपर्यंत फ्रूट्समध्ये (कर्नाटक सरकारच्या शेतकरी नोंदणीत) ती जमीन कुणाच्या नावाला जोडली जात नाही, म्हणून अनुदानाच्या यादीत तुमचं घर दिसत नाही; रेंज ऑफिसातला अर्जही याच कारणानं रेंगाळतो. पौती खात्याचा (मयताच्या जागी वारसांची नावं लावण्याचा) अर्ज करा : मृत्यूचा दाखला, नाडकचेरीतून (महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीतून) वंशावळ, सगळ्या वारसांचे आधार. सासऱ्यांच्या बहिणी असतील तर त्यांची नावं वगळू नका, पुढं वाटणीत नणंदेचंही नाही. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, आणि वगळलेलं नाव दहा वर्षांनी वकिलाच्या नोटिशीतून परत येतं. नावं लागली म्हणजे वाटणी झाली असं नाही, हे दोन्ही भावांना समजावून सांगा. नावं लागली की कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात फ्रूट्स आयडी.

वाटणी आज करू नका, पण ती कशी व्हावी हे आज बोलून ठेवा. आपल्याकडं भाऊ वेगळे झाले की रान वरपासून खालपर्यंत उभं चिरतात, प्रत्येकाला थोडी राई, थोडा उतार, थोडं भात. ऐकायला न्यायाचं वाटतं. पण तसं केलं की प्रत्येक ढाळीच्या बांधाचे दोन तुकडे होतात. पाणवाट एकाच्या हिश्श्यात जाते, दुसरा त्याच्यात पाणी सोडू शकत नाही, आणि अरुंद पट्ट्यात नांगर उभाच चालवावा लागतो. हिस्से आडवे पाडा, बांध हीच हद्द. किंमत सारखी होत नसेल तर एकाला काजूचा पट्टा जास्त, दुसऱ्याला उसाचा. राई, झरा, टाकी, पाणवाट आणि गाडीवाट सामाईक, आणि तसं वाटणीपत्रात शब्दांत लिहिलेलं. वाटणीपत्र सबरजिस्ट्रारकडं नोंदवलेलं हवं, नुसत्या स्टॅम्प पेपरवरचं मालकीला पुरत नाही. सर्व्हे नंबर फोडायचा तर आधी मोजणी आणि ११ ई नकाशा (पोटहिश्श्यांचा मोजणी नकाशा). सासरे बसून सगळं ऐकतील असा दिवस निवडा, आणि त्या दिवशी मिस्टर रविवारचे पाहुणे म्हणून न येता आदल्या दिवशीच आलेले असू देत.

वही मात्र याच आठवड्यात सुरू करा. भात, ऊस, उतार, राई अशी चार पानं. प्रत्येकावर खर्च, आवक आणि कुणाचे किती दिवस गेले. त्यात तुमचे आणि सासूबाईंचेही दिवस लिहा, गोठ्याचे धरून.

वाळलेल्या ऐनाचं : वाळलेलं झाड बांधाला सावली करत नाही, म्हणजे भाताला त्याचा त्रास नाही. ढोलीत पोपट, घुबड, पिंगळा राहतात. पिंगळा आणि घुबड तुमच्या बांधातले उंदीर खातात. झाड वाटेवर किंवा विजेच्या तारेकडं कललेलं नसेल तर उभं राहू द्या. कललं असेल तर कर्नाटकात १९७६ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली तोडायला परवानगी लागते, काही जातींना सूट आहे आणि ती यादी रेंज ऑफिसात बघायला मिळते. तिथं भरपाईच्या अर्जासाठी जाल तेव्हाच हेही विचारून घ्या.